वाघाच्या तोंडाचं दार

मकावच्या धक्क्याला बोट लागल्यापासून मान-यी वैतागलेली होती. आईला कॅसिनोची फुकटची बसच हवी, त्या बसला ही भली मोठी रांग, आणि रांगेत आईने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आत लाल घातलंयस ना गं?" घातलं होतं. लाल म्हणजे शकुनाचं; नसतं घातलं तर ही बाई हाँगकाँगहून हललीच नसती.

या गावात दोघींनी आजवर पाय ठेवला नव्हता. मान-यीच्या बापाने ठेवला होता. कॅसिनोच्या पुढच्या दारातून हसत आत गेला आणि चालतं दुकान घालवून बाहेर आला. तरी आज यावं लागलं, कारण मान-यीला चुन-हिनशी लग्न करायचं होतं. त्याचे आईबाप पलीकडच्या चुहाईला राहायचे, म्हणून मधलं गाव बघून जेवण इथल्या एका कॅसिनोच्या हॉटेलात ठरलेलं. आईने अजून होकार दिला नव्हता. आधी माणसं बघते मग बोलते, एवढंच म्हणाली होती. मुलाचे वडील, फाँग सर, विज्ञानाचे मास्तर होते. त्यांना उशीर खपत नाही, असं चुन-हिनने बजावून ठेवलं होतं.

हॉटेलसमोर बसमधून उतरली आणि आई जागीच थबकली. दारावर सोनेरी वाघ बसवलेला. त्याचा उघडा जबडा म्हणजेच दार.

"यातून मी जायची नाही. वाघाच्या तोंडात गेलेलं कधी परत येतं का?"

"अगं आई, आपण जेवायला आलोय. जुगार कोण खेळतंय?"

"मी खेळतेय. तुझा बाप नोटा लावायचा, मी पोटची पोर लावतेय. गप चल."

मग सुरू झाला द्राविडी प्राणायाम. बाजूचं दार दुरुस्तीसाठी बंद. पुढे भिंतच भिंत, सावलीचं नाव नाही. त्या हॉटेलवाल्यांनी भिंतीसुद्धा काय बांधल्यात, संपता संपत नाहीत. आई छत्री उघडून तुरुतुरु पुढे, आणि मान-यी नव्या सँडलांनी टाचा सोलून घेत मागे. आपलं लग्न या बाईच्या शकुनांपायी मोडणार, याची तिला आता खात्रीच पटली होती. शिकलेली माणसं ती, असल्या सुनेला दारात उभं करतील का?

मागच्या गल्लीत हॉटेलचं स्वयंपाकघर होतं. तिथे मासळीची खोकी रचलेली, आणि कोट घातलेले, घामाने निथळणारे एक गृहस्थ पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होते.

"मी जन्मभर विज्ञान शिकवलंय बाबा. दार म्हणजे दार, एवढं मलाही कळतं. पण आज माझ्या पोराच्या संसाराचा प्रश्न आहे. त्या वाघाच्या तोंडातून मी आत जाणार नाही. इथूनच सोड."

त्यांची बायको उपड्या खोक्यावर बसून रुमालाने वारा घेत होती. मान-यीने दोघांना फोटोत पाहिलं होतं. हेच फाँग सर.

तिने आईच्या कानात सांगितलं. आईने मास्तरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, छत्री मिटली आणि सरळ पहारेकऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ही आमची माणसं आहेत. सोडायचं तर सगळ्यांना एकदम सोड."

आमची माणसं. मान-यीला एकदम रडूच आलं. महिनोन् महिने विनवण्या करून जो होकार मिळाला नव्हता, तो मासळीच्या वासात असा मिळाला. फाँगबाईंनी तिला खोक्यावर शेजारी बसवलं आणि रुमाल तिच्या हातात दिला. "सवय कर गं पोरी. आमच्याकडेही हेच चालतं."

तेवढ्यात चुन-हिनचा फोन आला. "अगं, आहात कुठे सगळे? मी केव्हाचा टेबल अडवून बसलोय."

"आत कसा गेलास तू?"

"कसा म्हणजे? पुढच्या दाराने."

मान-यीने मान वर केली. तिकडे आई आणि मास्तर मिळून पहारेकऱ्याला भंडावून सोडत होते आणि आई चक्क हसत होती. या गावाचं नाव निघालं की तिचं तोंड कडू व्हायचं. मान-यी उठून खोक्यांच्या आड गेली.

"ऊठ आधी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बाहेर ये आणि मागच्या गल्लीत ये. इथून पुन्हा आत जायचं."

"तू पण? तुझा विश्वास आहे यावर?"

"काही विचारू नकोस. आणि हे बघ, पुढून गेला होतास ते आईला कधीही सांगायचं नाही."