तिनं मला पडू दिलं

"गळ्यात हात घालायचा नाही," कालिंदी म्हणाली.

तीस वर्षांच्या संसारात बायकोनं हे मला पहिल्यांदाच ऐकवलं, आणि तेही झुमा नावाच्या तरुण सिस्टरसमोर. गुडघ्याच्या ऑपरेशनला एक दिवस झाला होता. मी उशीवरून घसरत पलंगाच्या मध्यावर आलो होतो आणि मला वर सरकवायचं होतं. माझं वजन नव्वदीच्या पुढे आहे. आधाराला माणूस गळा धरणारच.

"मग धरू काय?"

"काही धरू नका. हात छातीवर घ्या. आणि थांबा जरा."

मी थांबलो, तर त्याही थांबल्या. कालिंदी पलंगाच्या एका बाजूला, झुमा दुसऱ्या बाजूला. पाय रोवून, चादरीच्या कडा हातात घेऊन दोघी नुसत्या उभ्या. मला वाटलं, विसरल्या बहुतेक.

"काय, आरती सुरू व्हायचीय का?" मी विचारलं.

कुणी हसलं नाही. दोघींनी एकदम श्वास सोडला, चादर सरकली आणि माझं डोकं उशीवर आलं. मला धक्कासुद्धा लागला नाही.

मी मधुकर. सरकारी विमा कंपनीत अधिकारी. माझी बदली कलकत्त्याला झाली तेव्हा कालिंदी नागपूरची नोकरी सोडून माझ्याबरोबर आली आणि बेहालातल्या या खाजगी रुग्णालयात सिस्टर म्हणून लागली. आमची वैदेही इथेच वाढली, ती अजून फोनवर बंगाली वळणानं "बाबा, पाणी खाल्लंस का?" असं विचारते. इतक्या वर्षांत बायकोला कामावर मी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या माणसाला आपल्याच वॉर्डात घ्यायचं नाही, असं तिचं म्हणणं होतं. पण दुसरीकडे बेडच रिकामा नव्हता.

गेल्या वर्षी याच वॉर्डात एक आजोबा बाथरूमला जाताना कोलमडले होते. कालिंदीनं धावत जाऊन त्यांना कमरेत धरलं. आजोबांना खरचटलंही नाही, हिची पाठ मात्र गेली. दीड महिना ती अंथरुणावर होती आणि स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होतं. दोघांचेही हाल झाले म्हणा ना! ती कामावर परतली तेव्हा मेट्रननं स्पष्ट सांगितलं, पुन्हा पाठ धरली तर वॉर्ड बंद, रेकॉर्डच्या खोलीत बसायचं.

दुसरी कुणी असती तर तिनं पेढे वाटले असते. ही घरी येऊन रडली. "फायलींना ताप येत नाही हो," म्हणाली. "हात कुणाच्या कपाळाला लावू?"

त्याच सुमारास रुग्णालयानं नर्सेससाठी माइंडफुलनेसचा वर्ग सुरू केला. ड्युटी संपली की कँटीनच्या मागच्या खोलीत खुर्च्या मांडून बसायचं आणि श्वासाकडे, शरीराकडे लक्ष द्यायचं. मला तर आयताच विषय मिळाला. "आता डोळे मिटून पगार का?" असं मी रोज विचारायचो. पहिले काही दिवस तिलाही ते पटत नव्हतं. "बसले की झोप लागते," म्हणायची.

मग एका संध्याकाळी ती भाजी चिरता चिरता थांबली.

"अहो, पेशंटला उचलताना मी श्वास कोंडून धरते. दात आवळून. इतकी वर्षं मला कळलंच नव्हतं."

"सगळेच धरतात."

"म्हणूनच सगळ्यांच्या पाठी दुखतात."

पुढे तिनं वॉर्डात रीतच घालून दिली. जड पेशंटला एकटीनं हात लावायचा नाही. दोघींनी उभं राहायचं, पाय जाणवू द्यायचे, श्वास सोडायचा आणि मगच जोर लावायचा. तेवढ्यानं सगळं सुटलं असं नाही. "श्वासानं माणसं वाढत नाहीत," असं ती मेट्रनलाही सुनावून आली आणि दुपारच्या पाळीला एक आयामाशी, म्हणजे मदतनीस बाई, जास्त मागून घेतली. हे सगळं मी ऐकून सोडून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी मला बाथरूमला जायचं होतं. बेल दाबायची, एकट्यानं उठायचं नाही, असं मला बजावलं होतं. ऑफिसात बेल दाबून माणसं बोलवण्यात माझा जन्म गेला. पण बाथरूमसाठी बायकोला बोलवायची लाज वाटली. वॉकर धरला आणि उठलो. दुसऱ्याच पावलाला वॉकर पुढे गेला, मी मागे राहिलो.

कालिंदी शेजारच्या पलंगाशी होती. ती माझ्याकडे झेपावली, दोन्ही हात पुढे करून. मी तिच्या गळ्याकडे हात टाकला. तेवढ्यात तिनं मान काढून घेतली, माझ्या मागे आली, माझा गाऊन कमरेशी धरला आणि एक पाय पुढे रोवला. त्या पायावरून मी फळीवरून पोतं उतरावं तसा सावकाश घसरत फरशीवर बसलो.

दुखलं काहीच नाही. अपमान मात्र भरपूर झाला.

"पडू दिलंस मला!"

"बसवलं तुम्हाला."

झुमा पळत आली आणि माझ्या बगलेत हात घालून उचलायलाच लागली.

"रुको झुमा," कालिंदी म्हणाली. "हात हटाओ. पहले साँस लो."

"हाँ दीदी," म्हणत झुमानं हात काढले. मग कालिंदीनं माझा गुडघा तपासला, टाके पाहिले, झुमाला डॉक्टरांकडे पाठवलं आणि स्वतः माझ्या शेजारी फरशीवर बसली. तिनं आपल्याच हातांकडे पाहिलं.

"घाबरलीस?"

"हो ना. आजोबांच्या वेळी जसे हात पुढे आले, तसेच आले. आपलं माणूस पडतंय म्हटल्यावर जास्तच जोरात आले."

"मग?"

"मग पाय जाणवले जमिनीवर. एरवी हात आधी पळतात, मी मागून जाते."

गळ्यात माझा हात पडला असता तर माझ्याबरोबर तिची पाठ गेली असती आणि तिचा वॉर्डही गेला असता, हे मला तिथे बसल्याबसल्या कळलं. मला तिचा फार अभिमान वाटला. ते सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा मिळेल का?"

डॉक्टरांनी पाहिल्यावर चौघांनी चादरीवरून मला पलंगावर घेतलं. मेट्रन आली, तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कालिंदी, कमर?"

कालिंदी उठली. डावीकडे वळली, उजवीकडे वळली, खाली वाकून माझा वॉकर उचलला.

"ठीक है, मॅडम."

आता मी घरी आहे. आज सकाळी खुर्चीतून उठायचं होतं. कालिंदी ड्युटीला निघालेली, पर्स टेबलावर. ती येऊन माझ्याजवळ उभी राहिली. मी सवयीनं तिच्या खांद्याकडे हात नेला आणि मागे घेतला. पाय रोवले. श्वास सोडला. उठलो.

तेवढा वेळ तिचा हात माझ्या कोपराखाली होता, पण लागला नाही. मी नीट उभा राहिल्यावर तिनं तो काढून घेतला, पर्स खांद्याला अडकवली आणि वॉर्डात जायला निघाली.