मागची चौकट

मित्रांनो, मी एक जुने आरोग्य कार्ड आहे. जुने म्हणजे काय, वय अवघे चार वर्षांचे. पण दोन तुकडे झालेल्याला नवे कोण म्हणेल?

सरकारी कचेरीत माझा जन्म झाला. पुढे एका सुताराच्या बायकोचा फोटो, मागे एक रिकामी चौकट. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागे, आणि मला रुग्णालयाच्या खिडकीवर दाखवले की ते फुकट होई. सुताराने मला घरी न नेता आधी लॅमिनेशनच्या दुकानात नेले.

"आता पाण्यात पडलं तरी काही होणार नाही," तो कौतुकाने म्हणाला.

"माझ्यापेक्षा त्याचेच लाड जास्त!" बायको हसली. खरे सांगते, मी हुरळून गेले.

पुढे सुताराला शेजारच्या राज्यात फर्निचरच्या कारखान्यात काम लागले. बिऱ्हाड हलले. तिथल्या रुग्णालयातल्या बाईंनी मला उलटे केले.

"दादा, या चौकटीत तुमच्याकडच्या कचेरीचा शिक्का हवा. राज्य सोडतानाच घ्यायचा असतो. त्याशिवाय इकडे नाव चढत नाही."

बायकोचे पाय सुजले होते, बोलतानाही धाप लागत होती. तिला प्रवास झेपणार नव्हता आणि खासगी दवाखाना आवाक्याबाहेरचा. तिला शेजारणीवर सोपवून सुतार मला घेऊन एकटाच परत गेला.

कचेरीतल्या कारकुनाने शिक्का मारला. प्लॅस्टिकवर शाईचे नुसते थेंब जमले. त्याने ते अंगठ्याने पुसले.

"कशावर मारू? लॅमिनेशन करू नका, असं खाली छापलंय की!"

छापले होते, मित्रांनो. माझ्याच अंगावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. मला देताना मात्र कोणी ते तोंडाने सांगितले नव्हते.

सुताराने कचेरीच्या पायरीवर बसून पिशवीतली पटाशी काढली. एरवी लाकडाचा पातळ पापुद्रा सहज काढणारा तो हात, त्या दिवशी घाईने पाते रेटत होता. प्लॅस्टिक निघाले, त्याबरोबर चौकट निघाली आणि फोटोही मधोमध फाटला. नवे कार्ड यायला पंधरा दिवस लागतील, असे कारकून म्हणाला.

ती नवव्या दिवशी गेली.

नवे कार्ड अगदी सांगितल्या दिवशी आले. फोटो अख्खा, मागे ठसठशीत शिक्का. सुताराने ते अवजारांच्या पेटीत माझ्याशेजारी ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझे एखादे भावंड असेल. मुक्काम हलवण्याआधी त्याला एकदा उलटे करून वाचा, न कळले तर खिडकीवर विचारा. नुसते जपू नका. आणि सुताराला बोल लावू नका. बाकीची अवजारे तो रोज पेटीतून काढतो. त्या पटाशीला अजून हात लावत नाही.