बसमध्ये गळून पडलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना कटिंग प्लॉटर आहे. या नावाने मला फारसं कोणी ओळखत नाही. साकीनाक्याला 'रेडियम कापायचं मशीन' म्हटलं की लोक आमच्या गाळ्याकडे बोट दाखवतात. दुकानांच्या काचेवरची नावं, रिक्षामागची अक्षरं, दवाखान्यांच्या वेळा, सगळं मी चिकट विनायलमधून कापून काढलं आहे. पण आज मी कौतुक सांगायला बसलेलो नाही. मी रागावलो आहे. का, ते तुम्हालाच सांगतो, कारण ही गोष्ट तुमच्यासारख्याच सतरा मुलांची आहे.

माझे मालक दत्ताराम मूळचे देवगडकडचे. आधी ते ब्रशने पाट्या रंगवत. मला गाळ्यात आणलं त्या दिवशी त्यांनी नारळ फोडला आणि मानखुर्दहून कामाला येणाऱ्या सुलक्षणाला म्हणाले, "पोरी, याच्यावर जोर करायचा नाय. हा बरोबर कापतो, आपण फक्त नीट सांगायचं."

सुलक्षणाने ते बारा वर्षं पाळलं. रोज सकाळी ती आधी माझ्याकडून एक छोटा चौकोन कापून घ्यायची. तो अलगद निघाला आणि खालच्या कागदावर नुसती नखाने ओढल्यासारखी पुसट रेघ उमटली, तरच कामाला सुरुवात. कागद कापला गेला तर पातं फार बाहेर आहे, कोपरा फाटला तर पातं बोथट झालं आहे. एवढं साधं. स्टिकरचे कोपरे ती नेहमी गोल ठेवायची. टोकदार कोपरा लवकर उचलला जातो, हे तिला ठाऊक होतं. तिच्या हाताखाली मी एकही अक्षर वाकडं कापलं नाही.

मग दत्तारामांचे गुडघे गेले आणि गाळा त्यांचा मुलगा यज्ञेश पाहू लागला. त्याला सगळं लगेच हवं असे.

जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर सहा स्कूलबसचं काम आलं. मागच्या दारासाठी दोन पट्ट्या करायच्या होत्या. वर 'आपत्कालीन दार', खाली 'लाल हँडल वर ओढा'. शेजारच्या मोठ्या मशीनवर छपाई झाली आणि सुलक्षणाने पट्ट्या सुट्या करून वाळायला ठेवल्या.

"आज नाही हं," ती म्हणाली. "शाई आतून ओली आहे. पूर्ण एक दिवस राहू दे. आत्ता वरून प्लास्टिकचं लॅमिनेशन मारलं तर वाफ आत कोंडेल, गोंद मऊ पडेल."

"यार ताई, स्टिकरच तर आहे! संध्याकाळी बस पाहिजेत शाळेला," यज्ञेश म्हणाला.

"स्टिकर आहे म्हणूनच सांगतेय. चिकटला नाही तर काय उपयोग त्याचा?"

तिने हात लावला नाही. यज्ञेशनेच लॅमिनेशन मारलं आणि पट्ट्या माझ्यावर चढवल्या. माझं पातं बोथट झालं होतं. ते बदलायला दोन मिनिटं लागतात. त्याने जोर वाढवला. मी करकरलो, थरथरलो. ऐकायला कोण होतं? मी खालच्या कागदासकट सगळं फाडत गेलो. पुढे बसमध्ये धुळीवर कोरडं फडकं फिरवून त्याने पट्ट्या चिकटवल्या. साबणाचं पाणी नाही, स्पिरिट नाही, मधून कडेकडे दाबत हवा काढणं नाही. तळहाताने दोन थापट्या, झालं काम.

तीन आठवड्यांनी गाळ्यात एक बाई आल्या. उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज होतं. खांद्यावरच्या पिशवीतून डाव्या हाताने त्यांनी गुंडाळी झालेली मळकी पट्टी काढून माझ्यावरच ठेवली. 'लाल हँडल वर ओढा.'

"हे इथेच बनवलं ना?" त्यांनी विचारलं. "मी शकु. बसवर मुलांना सांभाळते. मुलं मावशी म्हणतात."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून माझे रूळ जागच्या जागी थिजले. त्या बसवर त्यांचा दुसराच दिवस होता. घाटकोपरला सिग्नलपाशी पुढून धूर निघाला. पुढचं दार अडकलं. ड्रायव्हर आपल्या बाजूच्या दारातून उतरून बाहेरून ते ओढत होता. शकुमावशी मुलांना घेऊन मागे धावल्या. 'आपत्कालीन दार' दिसत होतं, पण खालची ओळ गळून पडली होती. त्या हँडल खाली दाबत राहिल्या. दाबत राहिल्या. दार हलेना. मुलं खोकत, रडत होती. शेवटी त्यांनी अग्निशामक नळकांडं उचलून काच फोडली आणि एकेकाला बाहेर दिलं. सतराच्या सतरा वाचली. एका मुलीला धुरामुळे दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. मावशींच्या हाताला चौदा टाके पडले.

"ही ओळ सीटखाली सापडली," त्या म्हणाल्या. "वर ओढायचं होतं. एवढंच वाचायला मिळालं असतं ना!"

यज्ञेशचा चेहरा उतरला. पण तोंडातून काय निघालं माहीत आहे? "मशीन जुनं झालंय मावशी. नीट कापत नाही आता."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो!

सुलक्षणाने नवं पातं बसवलं, मोजून बाहेर काढलं आणि छोटा चौकोन कापला. तो अलगद निघाला, कोपरे स्वच्छ, खालचा कागद शाबूत. तिने तो यज्ञेशच्या पुढ्यात धरला. "सांग ना आता. कोण जुनं झालंय?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून दत्ताराम काठी टेकत उठले. "मशिनाक कित्याक दोष देतंस? हात तुझे होते!" "माफी माग त्यांची. आणि उद्यापासून सहाही बस तू स्वतः धुवायच्या, मगच पट्ट्या लावायच्या."

यज्ञेशने माफी मागितली, खाली बघत. पट्ट्या पुन्हा छापल्या, दिवसभर वाळल्या, मग मी कापल्या. बसमध्ये चिकटवल्यावर शकुमावशींनी डाव्या हाताच्या नखाने एकेक कड खरवडून पाहिली. एकही उचलली गेली नाही.

तरीही माझा राग गेलेला नाही. त्या एका दिवसाच्या घाईची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा त्यात काय दोष होता?

म्हणून ऐका. उद्या बसमध्ये चढलात की मागच्या दारापर्यंत जा आणि तिथे काय लिहिलंय ते वाचा. कड सुटलेली दिसली तर सोलत बसू नका, लगेच मोठ्यांना सांगा. आणि कोणी हसून म्हणालं, 'स्टिकरच तर आहे,' तर गप्प बसू नका. पट्टी नीट लागेपर्यंत रोज सांगा, सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा.