काय मोडलं, ते शेवटी

नामिबियात, ओपुवोच्या वाटेवर पिकअपचा फॅनबेल्ट तुटला, तसं उआझुवाने पिशवीतून सॅटेलाइटचं यंत्र काढलं. मोबाइलला इथे कधीच रेंज नव्हती.

"लिही," तिचे वडील, म्हातारे काविरुआ, टोपी सावरत म्हणाले. "मी ओझोंडाटीच्या कापुकाचा मुलगा. आमच्याकडे पाऊस बरा झाला. तुमच्याकडे?"

"बाबा, यात चार ओळीच मावतात!" तिने लिहिलं: फॅनबेल्ट तुटला, माणसं दोन, पाणी आहे. विंडहुकच्या मदत केंद्रातून लगेच उत्तर आलं: मेकॅनिक दोन तासांत पोचेल.

"कुणाचा कोण, एवढंसुद्धा विचारलं नाही," काविरुआ फणफणले. "हे मदत करणार? कप्पाळ!"

बाभळीच्या सावलीत टेकल्यावर ते जरा निवळले. "याच चढावर माझ्या ट्रकचा अ‍ॅक्सल मोडला होता. एक पोरगी गुरं घेऊन आली. मी कुणाचा, पाऊस कसा, गुरं कशी, सगळं विचारून होईतो उन्हं कलली. मग म्हणाली, मोडलंय काय?"

"आई?"

"तोवर मीच विसरलो होतो, काय मोडलंय ते."

आईला जाऊन वर्ष झालं होतं. उआझुवाने यंत्र पुन्हा हातात घेतलं आणि बाबांचा निरोप जसाच्या तसा धाडला. या खेपेला उत्तर यायला बराच वेळ लागला.

'आमच्याकडे अजून पाऊस नाही. तुमची गुरं कशी आहेत?'

काविरुआंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आली बघ मदत," ते म्हणाले.