नवमीचं ताट

कुळाचा वृत्तांत छापायचं ठरलं तेव्हा आपल्या शाखेची माहिती जमवायचं काम आशानं मागून घेतलं. ती दीड वर्षाची असताना गेलेल्या आईविषयी घरात कुणी अवाक्षर काढत नसे. या निमित्तानं विचारता आलं असतं.

वैशाखात तिनं तिघांना वेगवेगळं गाठलं : वडील, तिला वाढवणारी विमलाआत्या आणि देवरामकाका. पणजोबांच्या घोड्याबद्दल तिघांची तीन तोंडं. "घोडा कसला, तट्टू होतं मेलं!" आत्या म्हणाली. आईबद्दल मात्र अक्षराचा फरक नाही. "तापानं गेली. दोन दिवसांत आटोपलं." तिघंही तेच सांगतात म्हणजे खरंच असणार, असं धरून आशानं तसंच लिहिलं.

भाद्रपदात आत्याचा निरोप आला, अविधवा नवमीला सवाष्ण म्हणून जेवायला ये. पंचवटीतल्या घरी आशा पाटावर बसली. खीर, वडे, पुरणपोळी. आत्यानं ताटाला हात जोडले, "वत्सलावहिनी, गोड मानून घे. घराला त्रास देऊ नकोस."

आशाचा हात थांबला. नवऱ्याच्या आधी जी जाते तिची ही नवमी. वडील तर बाहेर झोपाळ्यावर बसलेले. आणि एकही एकादशी न चुकवणाऱ्या आत्यानं आईच्या नावाचं ताट इतक्या वर्षांत कधी वाढलं नव्हतं.

"आत्या, आजवर कधी केली नाहीस गं ही नवमी?"

"कशी करणार? जित्या बाईच्या नावानं ताट वाढायचं? पाप लागतं."

बोलून गेली आणि आत्यानं जीभ चावली.

"कधी गेली?"

"श्रावणात. मनमाडला, भावाकडे. तुझ्या बापानं नांदवली नाही. पोरीला मेली म्हणून सांगायचं, असं आम्ही तिघांनी ठरवलं होतं."

"मी विचारलं तेव्हा होती?"

"आता उकरून काय मिळणार? पुस्तकात आहे तेच राहू दे. जेव, निवतंय."

सकाळी निघून दुपारी परत येता आलं असतं, इतकंच ते मनमाड.

आत्यानं खण-नारळ उचलला. "आधी ओटी घे. पदर पुढे कर."

आशा पाटावरून उठली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती.

"नको, आत्या. मला सुतक आहे. आई गेल्याचं आत्ताच कळलं. दुसरी सवाष्ण बघ."

आत्या भरल्या ताटाकडे बघत राहिली.

"सोवळ्यातला सगळा स्वयंपाक," ती पुटपुटली, "वाया घालवलास गं."