बाटल्यांच्या माणसाचा शेक

कामोठ्याच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. किरणबाबांच्या हातातली किरणोत्सर्ग मोजायची पेटी टकटकायला लागली की बाया हात जोडत आणि पुरुष मोबाइल वर धरत. तळोज्याच्या कारखान्यांची हवा, टॉवरच्या लहरी, दवाखान्यातला शेक, सगळं अंगात साचतं, असं बाबा ठासून सांगत. रोग्याच्या पाठीशी शिष्य मखमली तक्क्या लावायचा आणि पेटी कडाडायची. मग मंत्र, मोरपिसं. शिष्य तक्क्या अदबीने उचलून न्यायचा, की पेटी गप्प! खुद्द यंत्र बोलतंय म्हटल्यावर शंका घेणाराच अडाणी ठरायचा.

मागे कमलाकरराव उभे होते ते सोनाबाईसाठी. खाडीकाठची ही कोळीण रोज सकाळी नवीन पनवेलला त्यांच्या दारात पाटी उतरवायची. पत्नी शशिकलाबाई गेल्यापासून दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं तेवढंच माणूस उरलं होतं. तिच्या कॅन्सरवर किरणांचे उपचार चालू होते. दवाखान्यात त्याला सगळे 'शेक' म्हणतात. शेकाची ऊब अंगात मुरणारच, असा तिने सरळ अर्थ काढला आणि अकरा शेक बाकी असताना जाणं सोडलं.

"बाबांनी सगला शेक ओडून काडला, भाऊ. आता आस्पिटल नाय."

माणसाच्या अंगातला किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं पारखण्यात कमलाकररावांची तीस वर्षं गेली होती. जाड पोलादी खोलीत आधी नुसती रिकामी जागा मोजायची. मग पाण्याच्या बाटल्या जोडून केलेला माणूस आत बसवायचा. त्यात किती किरणोत्सर्गी द्रव्य घातलंय ते ठाऊक असतं. त्याच्यावर यंत्राचा आकडा बरोबर आला, तरच खऱ्या माणसाची पाळी. दिवसचे दिवस ते त्या बाटल्यांच्या माणसाशी गप्पा मारत, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी घरीच तसा माणूस केला. छातीला पाण्याचे कॅन, हातापायांना बाटल्या, वर शाल, कानटोपी आणि तोंडाला मास्क. शशिकलाबाईंच्या चाकाच्या खुर्चीत त्याला बसवला. जेवताना त्यांनी नकळत त्याला विचारलं, "आमटी तिखट झाली का?" मग त्यांना जेवण गेलंच नाही.

रविवारी हॉलमध्ये त्यांनी हा आपला आजारी भाऊ म्हणून सांगितलं. शिष्याने पाठीशी तक्क्या लावला. पेटी कडाडली.

"पोटात विष आहे याच्या," बाबा डोळे मिटून म्हणाले. "आणि मनात जुनं दुःख."

कमलाकररावांनी कानटोपी ओढली. खाली निळ्या झाकणाची बाटली होती. कुणीतरी फिसकन हसलं. गोंधळात त्यांनी तक्क्या उसवला. आत पेट्रोमॅक्सच्या बत्तीच्या जुन्या जाळ्या ठासून भरल्या होत्या. त्यांतल्या थोरियम या किरणोत्सर्गी धातूमुळे पेटी वाजते. ती त्यांनी रिकाम्या खुर्चीवर तक्क्या ठेवून वाजवून दाखवली, तक्क्या दूर नेऊन गप्प केली.

"कुणी काही मोजून दाखवलं, तर आधी रिकामं मोजायला लावा," ते लोकांना म्हणाले. "त्यात कसला अपमान नाही."

काहींनी मान हलवली. काही जण शिव्या देत निघून गेले. सोनाबाई जागची हलली नाही.

"मंग माज्या अंगात काय हाय?"

"आजार आहे. शेक नाही. बत्ती विझवल्यावर उजेड उरतो का खोलीत? तसाच तो उरत नाही. म्हणून तर पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो."

तिने बाटल्यांवरची शाल सारखी केली. मग हळूच म्हणाली, "मना तिथं एकटीला लय भ्या वाटतं. तुमी याल संगती?"

घरी वाट पाहणारं कुणी नाही याचं कमलाकररावांना त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. उद्या किती वाजता निघायचं, एवढंच त्यांनी विचारलं.