नाळेचं लाकूड

होडी वाळूत कलती करून आम्ही चार दिवस तिचं बूड खरवडत होतो. एका कुशीला हे, दुसऱ्या कुशीला धाकटे दीर, आणि खाली पडलेला जुना रंग टोपलीत भरून टाकायला मी. विमा कंपनीचं पत्रच तसं आलं होतं. तीस वर्षांपुढची लाकडी होडी पाण्याबाहेर काढायची, तळ उघडा करून दाखवायचा. साहेब ठोकून बघणार, दोन खिळे उपसून बघणार. पास झाली तर विमा. विमा नाही तर बंदरातून सुटायचा परवाना नाही. आणि आमचं घर त्या एका होडीवर.

"वहिनी, माझं लग्न ठरवताना पण मला इतकं उलटंपालटं करून कुणी बघितलं नव्हतं," दीर म्हणाले.

"बघितलं असतं तर ठरलं नसतं," हे म्हणाले. खूप दिवसांनी हसले.

पाचव्या दिवशी साहेब आले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. हातात एवढीशी हातोडी. बाजारात मडकं वाजवून घेतात तसे एकेक फळी वाजवत गेले. खिळा उपसून बोटांत फिरवला.

"बांधली कुणी?"

"वडलांनी," हे म्हणाले.

"चांगला हात होता. हे बूड अजून वीस वर्षं हलायचं नाही."

दिरांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी मनातल्या मनात देवाचे पाय धरले.

मग साहेब वर चढले आणि नाळेशी, होडीच्या अगदी पुढच्या टोकाशी, ओणवे झाले. तिथं हातोडीचा आवाज बदलला. ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा. त्यांनी खिशातून टोचा काढून त्या उभ्या लाकडाला लावला. जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला.

"हे वरून मुरत आलंय," ते म्हणाले. "खारं पाणी लाकूड टिकवतं, दादा. हे गोड्या पाण्याचं काम आहे. रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं. इथं काही धुता का तुम्ही?"

माझ्या पायाखालची वाळू सरकली.

बावीस वर्षांमागं वादळात हे तीन दिवस परतले नव्हते. चौथ्या दिवशी आले, तेव्हा मी नेम घेतला. विहिरीचं तांब्याभर पाणी पहाटे नाळेवर घालायचं, हात जोडायचे, मगच होडी लोटायची. ज्या दिवशी होडी जायची नाही त्या दिवशीही घालायचं. तापात घातलं, सुतकात शेजारणीच्या हातून घातलं. एक दिवस चुकला नाही.

"पावसाचं असेल," हे म्हणाले.

"पावसानं सगळी होडी भिजते. हे एवढ्याच जागी?"

"ताडपत्री फाटली होती पुढून. लक्ष नाही दिलं मी. माझीच चूक."

मी तोंड उघडलं. यांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "तू चहा टाक जा साहेबांना."

साहेबांनी चहा घेतला नाही. "हे बदलायचं तर पुढची निम्मी होडी उघडावी लागेल. एवढ्या वयाची उघडली की पुन्हा जुळत नाही. मला नाही पास करता येणार." जाताना त्यांनी फळीवरून हात फिरवला.

दीर उठून लांब जाऊन बसले. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आठ वर्षं झाली. हात लागला, तर मऊ लागलं."

"तेव्हा बदलता आलं असतं."

"आलं असतं. पण तुला कळलं असतं कशानं झालं ते. तू थांबली असतीस."

"थांबलेच असते. होडी तरी राहिली असती."

"मी गेलोच नसतो मग," हे म्हणाले. "त्या तीन दिवसांनंतर मला समुद्राचं भय बसलं गं. कुणाला बोललो नाही. सकाळी हात थरथरायचे. तू पाणी घातलंस, की थांबायचे."

मला रडूही आलं नाही. ज्या पाण्यानं यांना समुद्रात जायचं बळ दिलं, त्यानंच होडी खाल्ली. देवाला दोष द्यावा तर हात माझे.

होडी वाळूतच राहिली. पंधरा दिवसांनी यांना दुसऱ्याच्या होडीवर काम मिळालं. पहिल्या दिवशी हे अंधारातच तयार होऊन दारात उभे राहिले. निघेनात.

"फायबरची आहे," माझ्याकडे न बघता म्हणाले. "पाण्यानं काही होत नाही म्हणे तिला."

मला समजलं. पण तांब्याकडे हात जाईना. जवळ जाऊन मी त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं. त्यांच्या हातून ते कधीपासून लागत नव्हतं.